आजन्म शिकाऊ

आमचे अप्पा न्यू जर्सीला सहा महिने राहून आले आणि तिथल्या दीड-दोनशे वर्षांपूर्वीच्या गुलामांचे वकील होऊन परतले. इतरांचे आईवडील अमेरिकेहून येताना बदाम आणतात, चॉकलेटं आणतात, व्हिटॅमिनच्या गोळ्यांच्या बरण्या आणतात. अप्पांनी संताप आणला. मला आधी त्याचं कौतुकच वाटलं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणसाला स्वतःच्या गुडघ्यांखेरीज दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलावंसं वाटतंय, हे काय कमी झालं?

माझा भाऊ सौमित्र तिकडे असतो. तो आणि त्याची बायको कामावर गेले की घरात अप्पा आणि फ्रिज. मग ते चालत गावातल्या वाचनालयात जाऊ लागले आणि तिथल्याच कोणीतरी त्यांना एकदा एक जुनं शेतघर दाखवायला नेलं. त्या घरात स्वयंपाकघरामागे एक अंधारी खोली होती. घरची स्वयंपाकीण तिथे राहायची, ती मालकाची गुलाम होती आणि तिची मुलंही त्याच घरात राबत मोठी झाली, असं घर दाखवणाऱ्या बाईने सांगितलं. अप्पा हादरले. न्यू जर्सीसारखी उत्तरेतली राज्यं पुण्यवान, पाप काय ते दक्षिणेतल्या कापसाच्या मळ्यांत, असं त्यांनी शाळेपासून धरून ठेवलेलं. मग ते हाताला लागेल ते वाचत सुटले.

आई त्यांच्याबरोबर गेली नव्हती. दीड वर्षापूर्वी बाथरूममध्ये पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून ती अंथरुणाला खिळली आहे. तिला उठवणं, बसवणं, अंग पुसणं, भरवणं, सगळं अंबिका करते. म्हणजे अंबिकाच्या जिवावर आईला सोडून अप्पा सहा महिने गुलामगिरीचा अभ्यास करून आले. हा विनोद मी केलेला नाही. तो आमच्या घरात आपोआप घडला.

मी वैदेही, अप्पांची थोरली. दादरला राहते, विमा कंपनीत नोकरी करते आणि दर रविवारी गिरगावात आईकडे जाते. अप्पा परत आल्यानंतरच्या पहिल्या रविवारी जेवणाच्या टेबलावर त्यांनी मला न्यू जर्सीचा कायदा समजावून सांगितला.

"अठराशे चार साल," अप्पा बोट वर करून म्हणाले. "काय कायदा केला माहितीये? चार जुलैनंतर गुलाम बाईला जे मूल होईल ते स्वतंत्र. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण आई? आई गुलामच! आणि मूल स्वतंत्र म्हणजे कसं, तर मुलगी असेल तर एकविसाव्या वर्षापर्यंत आणि मुलगा असेल तर पंचविसाव्या वर्षापर्यंत आईच्याच मालकाकडे राबायचं. फुकट! उमेदीची वर्षं पिळून घ्यायची आणि मग म्हणायचं, जा, तू स्वतंत्र. याला नाव काय, तर हळूहळू मुक्ती. अगं, हळूहळू कसली? माणूस एक तर मोकळा असतो, नाही तर नसतो. क्वेकर पंथाचे लोक बिचारे वर्षानुवर्षं अर्जविनंत्या करत होते आणि हे मालक सांगत होते, आमच्याकडे ती घरच्यासारखी आहेत, त्यांना बाहेर कोण विचारतंय! निर्लज्जपणाची हद्द आहे." एवढं बोलून त्यांनी ताटाकडे पाहिलं. "अंबे, गरम पोळी आण गं."

अंबिकाने पोळी आणली.

आता अंबिकाबद्दल सांगते. देवगडजवळ आमचं गावचं घर आहे, थोडी आंब्याची कलमं आहेत. ते सगळं कौसल्या सांभाळते. नवरा वारल्यावर दोन मुलींना घेऊन ती घरामागच्या मांगरात, म्हणजे अवजारं-गवत ठेवायच्या खोपटात, राहायला आली आणि आमच्या घराची झाडलोट, आंब्यांची राखण, सणावाराला आमचा स्वयंपाक असं सगळं तिच्याकडे आलं. तिची थोरली अंबिका. ती अकरा वर्षांची असताना अप्पा तिला मुंबईला घेऊन आले, "शिकायला". आमच्यासारख्या घरांत ही जुनी रीत आहे. गावाकडची गरिबाची मुलगी आणायची, शाळेत घालायची, घरात ठेवायची. ती पाणी भरते, भाजी निवडते, पाहुण्यांच्या पुढ्यात बशा ठेवते आणि आल्यागेल्याला सांगितलं जातं, की ही आमची घरचीच मुलगी हो! तिला पगार द्यायचा नसतो, कारण पगार दिला की ती नोकर होते आणि मुलीला नोकर म्हणणं हा तिचा अपमान. किती जपतात बघा तिच्या मानाला.

शिकवलं मात्र, खोटं का बोला. दहावी झाली. बारावी तिने बाहेरून केली, आईला भरवता भरवता. घरची मुलगी हॉलमध्ये सोफ्याशेजारी गादी टाकून झोपते, आणि सौमित्र दोन वर्षांतून एकदा येतो म्हणून त्याची खोली बंद असते. एसीसकट.

त्या रविवारी जेवणं झाल्यावर मी भांडी पुसायला स्वयंपाकघरात गेले, तेव्हा अंबिका नळ मोठा सोडून, डोळे पुसत हळू आवाजात म्हणाली, "ताई, माझी नर्सिंगला ॲडमिशन झाली."

"कुठे?"

"परळला. हॉस्टेल पण मिळतंय. पुढच्या सोमवारी हजर व्हायचं, ओरिजिनल सर्टिफिकेटं घेऊन. नाही गेले तर सीट दुसरीला."

"मग रडतेस काय वेडे? पेढे आण!"

"सर्टिफिकेटं अप्पांच्या कपाटात आहेत. मागितली तर म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. ताई, मागच्या वर्षी पण माझा नंबर लागला होता. तेव्हा पण पुढच्या वर्षीच म्हणाले होते."

मागच्या वर्षीचं मला कोणी सांगितलंच नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तशीच ओल्या हातांनी बाहेर आले. अप्पा सोफ्यावर बसून कसल्याशा जाड पुस्तकात खुणेचे कागद घालत होते.

"अप्पा, अंबिकाची सर्टिफिकेटं द्या."

"ती कुठे पळून जातायत? माझ्याकडे सुरक्षित आहेत. या पोरी वस्तू हरवतात."

"तिला सोमवारी परळला हजर व्हायचंय."

"हो, बोलली ती. हुशार आहे पोर. मीच शिकवलं ना तिला?" अप्पांनी चष्मा काढला. "पण आईचं काय? आई जरा उभी राहू दे. एकदम कसं सोडणार? हळूहळू करू."

"अप्पा, अर्ध्या तासापूर्वी या शब्दावरून तुम्ही टेबल बडवत होतात."

त्यांना खरंच कळलं नाही. माझा बाप ढोंगी असता तर मला सोपं गेलं असतं. ढोंगी माणूस पकडला गेला की निदान ओशाळतो.

"काहीतरी बोलू नकोस," ते म्हणाले. "कुठे ते साखळदंड आणि कुठे आपलं घर! ती आपल्या ताटातलं खाते."

"ब्युरोतून बाई ठेवू. दिवसाची एक, रात्रीची एक. माझ्या दोन मैत्रिणींकडे आहेत."

"परक्या बायका घरात? आईला आवडायचं नाही."

"आईला विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? शनिवारी माझं व्याख्यान आहे ज्येष्ठ नागरिक संघात. ते होऊ दे. मी अंबिकाच्या भल्याचं काहीतरी ठरवलंय, तिथेच सांगणार आहे. तूही ये."

मला वाटलं, म्हातारा विरघळला. व्यासपीठावरून तिला सर्टिफिकेटं देणार असेल. या लोकांना चांगलं कामसुद्धा हार-तुऱ्यांशिवाय करता येत नाही, पण तेही चालेल, असं मनाशी म्हणत मी शनिवारची वाट पाहिली.

शनिवारी पाच वाजता संघाचा हॉल भरला होता. मफलरी, काठ्या, ऐकायची यंत्रं. शेजारच्या नूपुरला आईपाशी बसवून अप्पांनी अंबिकालाही आणलं होतं, तिला नवा ड्रेस घेतला होता. अप्पा बोलले मात्र फार चांगलं. ते मी नाकारणार नाही. त्या अंधाऱ्या खोलीबद्दल सांगताना त्यांचा आवाज कापला. जी बाई अठराशे चारच्या आधी जन्मली तिला कायद्याने काहीच दिलं नाही, तिने स्वतःच्या मुलांच्या सुटकेची वर्षं मोजत मालकाची भाकरी भाजली, असं ते म्हणाले तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका आजींनी डोळ्यांना पदर लावला.

"आणि पुढे ऐका," अप्पा म्हणाले. "अठराशे सेहेचाळीस साली न्यू जर्सीने जाहीर केलं, आमच्या राज्यात आजपासून गुलामगिरी नाही! मग जे गुलाम उरले होते त्यांचं काय केलं? त्यांचं नाव बदललं. त्यांना म्हणायचं शिकाऊ उमेदवार. शिकाऊ म्हणजे शिकून संपलं की मोकळा, असं तुम्हाला वाटेल. नाही! आजन्म शिकाऊ. काम तेच, मालक तोच, मरेपर्यंत. म्हातारेकोतारे लोक, साठ-सत्तर वर्षांचे, आणि ते काय, तर शिकाऊ! आणि देशभरची गुलामगिरी कायमची बंद करणारी घटनादुरुस्ती आली, तेव्हा या राज्याने आधी तिला नकार दिला. नाव बदललं की पाप धुतलं जातं, असं समजणारी माणसं जगात कमी नाहीत."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. लोकां सांगे ब्रह्मज्ञान हे ऐकून होते, पण ब्रह्मज्ञान इतकं अस्खलित असतं हे पहिल्यांदाच पाहत होते.

मग अप्पांनी अंबिकाला वर बोलावलं. अध्यक्षांनी तिच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. अप्पा म्हणाले, "केवळ बोलून उपयोग नाही, सुरुवात स्वतःच्या घरापासून हवी. ही अंबिका. ही आमची नोकर नाही, ही मुलगी आहे. या महिन्यात तिला एकवीस वर्षं पूर्ण झाली. म्हणून मी आज जाहीर करतो, की हिचं लग्न आम्ही करून देणार, सगळा खर्च आमचा. गावचाच मनू म्हणून मुलगा आहे, निर्व्यसनी. त्याला आमच्याच बिल्डिंगमध्ये वॉचमनची नोकरी बघितली आहे. लग्नानंतर दोघंही आमच्याकडेच राहतील. मुलीला सासरी पाठवायचं दुःखसुद्धा आम्हाला नाही!"

हॉल हसला, मग टाळ्यांचा कडकडाट. मी अंबिकाकडे पाहिलं. तिने मान वर केली नव्हती. नारळ पोटाशी धरून ती उभी होती. तिला कोणी विचारलं नव्हतं. कौसल्याला विचारलं नव्हतं. त्या मनूला तरी विचारलं होतं की नाही, देव जाणे.

मी उभी राहिले. "मला प्रश्न विचारायचाय."

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. "वेळेअभावी आज प्रश्न घेता येणार नाहीत. वडे गरम आहेत, सर्वांनी लाभ घ्यावा."

"वडे थांबतील! लग्न कोणाचं ठरवताय, तिला विचारलंत का?"

"वैदेही, घरचा विषय घरी," अप्पा माइकवरूनच म्हणाले. खुर्च्या सरकल्या, काठ्या शोधल्या गेल्या आणि लोक वड्यांकडे वळले. कोणीतरी "अंबे, प्लेटा दे गं" म्हणालं, आणि ती शाल खांद्यावर तशीच ठेवून प्लेटा वाटायला लागली. ज्या आजींनी डोळ्यांना पदर लावला होता त्यांनी तिच्याकडून चटणी वाढून घेतली. मला तिथे वडा गिळवला नाही. मी तशीच बाहेर पडले, नाहीतर माझ्या हातून काहीतरी झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिरगावात पोचले तेव्हा घर पेटलेलंच होतं. अंबिकाने पहाटे अप्पांना सरळ सांगितलं होतं, की मी लग्न करणार नाही, उद्या परळला जाणार, माझी सर्टिफिकेटं द्या. अप्पांनी कपाटाला कुलूप घातलं होतं आणि किल्ली आईच्या उशीखाली सरकवली होती. आता ते आईच्या पलंगाशेजारी खुर्चीवर बसून मोबाइलच्या स्पीकरवर गावाला कौसल्याशी बोलत होते. अंबिका दाराशी उभी होती.

"कौसल्ये, एवढं केलं त्याचं हे फळ," अप्पा म्हणत होते. "जाऊ दे, मी जबरदस्ती करणारा नाही. जाते तर जाऊ दे. पण तुझी धाकटी, अक्षदा, ती कितवीत आहे आता?"

"सहावीत असा, अप्पानु."

"मग तिला पाठव इकडे. शाळेत घालतो. अंबिकाला नाही का शिकवलं? तशीच घरची मुलगी म्हणून राहील."

मग कौसल्या म्हणाली, "तुमी सांगशात तसा."

अंबिका पुढे झाली. दहा वर्षांत गिरगावात धुऊन निघालेली तिची मालवणी तिच्या तोंडातून धाडकन बाहेर आली. "आये, अक्षदाक धाडू नको! तू जन्म काढलंस ह्यांच्या मांगरात, मी दहा वर्सां काढलंय हय. आता तिका नको. आयकतंस मां?"

"अगो बाय," कौसल्याचा आवाज बारीक झाला, "रवतो ती जागा त्यांचीच मां."

मी अप्पांच्या हातातून मोबाइल घेतला. "कौसल्यावहिनी, मी वैदेही. त्या वडिलोपार्जित घरात माझाही वाटा आहे, कायद्याने. तुम्हाला तिथून कोणी हलवणार नाही. अक्षदाची शाळा सोडवायची नाही. कळलं?"

"होय, ताई," ती म्हणाली. फोन बंद झाला.

अप्पा लालबुंद झाले होते. "बापाविरुद्ध वाटा काढतेस? आणि तुझ्या आईने काय करायचं? ब्युरोची कोणी येईल, तिला काय माया असणार आहे? आजारी माणसाला घरचं माणूस लागतं, घरची मुलगी लागते!"

"बरोबर आहे," मी म्हटलं. "मग मी येते. उद्या राजीनामा देते आणि इथे राहायला येते. हॉलमध्ये गादी टाकून झोपेन. आईचं सगळं मी करीन. अगदी सख्खी घरची मुलगी. चालेल?"

अप्पांचा राग एकदम उतरला. चेहराच मऊ झाला. लहानपणी मला ताप आला की ते असेच दिसायचे.

"वेडी आहेस का?" ते म्हणाले. "तुझी नोकरी आहे, तुझं घर आहे. किती वर्षं कष्ट करून तू या जागेवर पोचलीस. आईबापांच्या आजारपणापायी स्वतःचं आयुष्य फुकट घालवायचं? मी जिवंत असेपर्यंत तुला ते करू देणार नाही."

"आणि अंबिकाला?"

"अंबिकाचं काय?" अप्पांनी विचारलं.

त्यांनी खरंच विचारलं. मी आईकडे पाहिलं. आई इतका वेळ छताकडे बघत पडली होती. दीड वर्षात तिच्या नावावर एवढं सगळं ठरलं होतं, पण तिला कोणीच काही विचारलं नव्हतं. तिने आता अंबिकाकडे मान वळवली, पलंगाची कड धरली आणि कण्हत, दातओठ खात, स्वतःचं डोकं उशीवरून उचलून धरलं.

अंबिका समजली. तिने उशीखाली हात घातला, किल्ली काढली, कपाट उघडलं. आपल्या सर्टिफिकेटांची प्लॅस्टिकची पिशवी घेतली, बाकी काहीही न हलवता कपाट परत लावलं आणि किल्ली अप्पांच्या खुर्चीच्या हातावर ठेवली. मग आईचं डोकं अलगद उशीवर टेकवलं.

"जाते, आजी."

"नीट शिक," आई म्हणाली. "दुपारी जेवून घे कुठेतरी."

घोडपदेवला तिचा रघुमामा राहतो. तो दिवस तिथे थांबून ती सकाळी परळला जाणार होती. मी तिला लिफ्टपर्यंत सोडलं. तिच्याकडे कपड्यांची एकच बॅग होती. संघाची शाल हॉलमध्ये सोफ्यावर घडी घालून ठेवलेली होती.

मी परत आले तेव्हा अप्पा तसेच बसले होते. सत्तरी उलटून आठ वर्षं झालेला, रोज पहाटे चौपाटीवर तासभर चालणारा, एकट्याने विमान बदलून अमेरिकेला जाऊन आलेला तगडा माणूस. तेवढ्यात आई सवयीने हाक मारायला लागली, "अंबे, भांडं...", आणि मध्येच थांबली. तिला लघवीला लागली होती.

"आता हिचं कोण करणार?" अप्पांनी मला विचारलं.

मी पलंगाखालचं भांडं काढलं आणि त्यांच्या हातात दिलं.